आईला शिकवणाऱ्यांचे शिक्षण



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर गौरवाचे शब्द पुष्कळ बोलले जातात. आज त्यांना रजा देऊन थेट आकड्यांपासून सुरुवात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशातली ७८.९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. ही मजल लहान नाही. गाड्या, रस्ते, आशा कार्यकर्तीची पायपीट आणि सरकारी योजनांचा पैसा असे बरेच काही त्यामागे आहे. याच काळात, जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर आले. म्हणजे ते जागचे हलले नाही. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणे ९०.३ वरून ९४.७ टक्के झाली आणि पहिल्या तासातले स्तनपान ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर उतरले. हे आकडे आयांच्या आठवणीवर आधारलेले असतात, त्यामुळे चार टक्क्यांच्या घसरणीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एवढे तरी म्हणता येते की बाळंतपण घरातून दवाखान्यात आले, डॉक्टर आणि सिस्टर यांच्या डोळ्यांसमोर आले, आणि तरी पहिला तास सुधारला नाही.

यावर लगेच येणारे उत्तर सिझेरियनचे असते. देशात सिझेरियनचे प्रमाण या दोन फेऱ्यांमध्ये १७.२ वरून २१.५ टक्के झाले, हे खरे. पण बहुतेक सिझेरियन आता कमरेत इंजेक्शन देऊन होतात. आई जागी असते, तिचे हात मोकळे करता येतात आणि बाळ तिच्या छातीवर ठेवता येते. ते ठेवायला कोणीतरी लागते आणि त्या कोणाला तरी ते ठेवायचे असते हे ठाऊक असावे लागते, एवढाच प्रश्न आहे. प्रत्यक्षात पहिल्या तासात काय होते? बाळ वॉर्मरखाली जाते, पुसले जाते, वजन होते, इंजेक्शन होते, दुपट्यात घट्ट गुंडाळले जाते, बाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवले जाते. आत टाके चाललेले असतात. यातले एकही काम निरर्थक नाही, पण वजनासारखी काही कामे तासभर थांबू शकतात. कोणते थांबू शकते आणि कोणते नाही, याचा निर्णय बाळंतीण घेत नाही. तो लेबर रूममधली सिस्टर घेते, तिच्या मागे उभे डॉक्टर घेतात, आणि बहुतेक वेळा सवय घेते.

स्तनपानाविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते त्यातले बरेचसे आईला उद्देशून असते. पोस्टरवर आई असते, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या सप्ताहात भाषणे आईसाठी असतात, घोषणा तिच्यासाठी असतात. जणू अडाणी काय ती आईच. मला आज उलट बाजूने एकच मुद्दा मांडायचा आहे: स्तनपानाच्या कामात ज्यांना खरोखर शिकवण्याची गरज आहे ते आईला शिकवणारे आहेत. आणि त्यांचे शिक्षण नोकरीला लागताना संपत नाही. ते नोकरीभर, तेही सभागृहाबाहेर, खाटेपाशी चालले पाहिजे. हा व्यक्तींवर ठेवलेला ठपका नाही. प्रसूतिकक्षातल्या परिचारिका, एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका), आशा, अंगणवाडी सेविका, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या सगळ्यांना आपण जे शिक्षण दिले आणि जे दिले नाही, त्याचा हा हिशेब आहे.

पायाभूत शिक्षण का पुरत नाही, याचे एक कारण असे की ते वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी मिळते आणि पुढे पस्तीस वर्षे वापरले जाते. मधल्या काळात ज्ञान बदलते, आणि स्तनपानाच्या क्षेत्रात ते जितके बदलले तितके बाहेरच्यांना वाटत नाही. निव्वळ स्तनपान चार ते सहा महिने की पूर्ण सहा महिने, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सहा महिन्यांच्या बाजूने सोडवला. त्याआधी शिकलेल्या कितीतरी जणी त्यानंतरही चौथ्या महिन्यात वरण-भाताचे पाणी सुचवत राहिल्या, आणि त्यांच्या दृष्टीने त्या चुकत नव्हत्या. त्यांना तसेच शिकवले होते.

याहून गंभीर उदाहरण एचआयव्हीचे आहे. या शतकाच्या सुरुवातीला सल्ला असा होता की बाधित आईला पर्यायी दूध परवडणारे, सतत मिळणारे आणि सुरक्षित असेल तर तिने अंगावर पाजणे टाळावे. डर्बनमध्ये झालेल्या १९९९ च्या अभ्यासाने एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली होती: निव्वळ अंगावरच्या दुधापेक्षा ‘थोडे अंगावरचे, थोडे वरचे’ हा मार्ग संसर्गाच्या दृष्टीने जास्त धोक्याचा आहे. २००६ साली बोट्सवानात पुरानंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा पावडरच्या दुधावर असलेली बाळे मोठ्या संख्येने दगावली. मग २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारांच्या आधाराने बारा महिन्यांपर्यंत स्तनपानाची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती मुदत चोवीस महिने किंवा त्यापुढेही वाढवली. पंधरा वर्षांत एकाच प्रश्नाचे उत्तर जवळजवळ उलटे फिरले. २००४ साली प्रशिक्षण घेऊन नंतर काहीच न वाचलेली समुपदेशक आज प्रामाणिकपणे, प्रेमाने, पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला देईल. ‘ताण नको, दोन्ही देत जा’ असे ती म्हणाली, तर तो सगळ्यांत वाईट सल्ला असेल.

शरीररचनेसारख्या, आता यात काय बदलणार असे वाटणाऱ्या विषयातही हेच घडले. स्तनाच्या आतल्या रचनेचे पाठ्यपुस्तकांतले चित्र मुख्यतः अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या कामावर उभे होते. मृतदेहांच्या नलिकांत मेण भरून त्याने ते काढले होते. स्तनाग्राच्या मागे दुधाच्या छोट्या पिशव्या असतात आणि बाळ त्या दाबून दूध काढते, असे त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी करून दाखवले की अशा पिशव्या दिसतच नाहीत आणि स्तनाग्राशी पोचणाऱ्या नलिकांची संख्या समजत होतो त्याहून कमी असते. याचा व्यवहाराशी संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध आहे. ज्या सिस्टरच्या डोक्यात पिशव्यांचे चित्र आहे ती हाताने दूध काढायला शिकवताना त्या काल्पनिक पिशव्या दाबायला लावते. दूध साठून स्तन लाल झाला, दुखू लागला, तर काय करावे याबद्दलही असेच. जोरात मालिश करा, शेक द्या, पूर्ण रिकामा करा, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ मध्ये तो बदलला: जोरकस मालिश नको, मुद्दाम रिकामा करण्याचा अट्टहास नको, बाळ मागेल तेवढेच पाजा, सूज उतरण्यासाठी थंड शेक द्या. या बदलावर जाणकारांत वादही झाला. पण वाद चालू आहे हेसुद्धा कळायला त्या वर्तुळात असावे लागते. आपल्या तालुक्याच्या गावातल्या बाळंतिणीच्या खोलीत अजून गरम पाण्याची पिशवीच येते.

मात्र नवे ज्ञान पोचवणे हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. ते परिपत्रकानेही पोचू शकते. अवघड भाग कौशल्याचा आहे, आणि तो जरा जवळून पाहिला पाहिजे. समजा दुसऱ्या दिवशीची बाळंतीण म्हणते, ‘दूध पुरत नाही.’ सिस्टरकडे दोन मार्ग असतात. एक, बाटली किंवा वाटी-चमचा. पाच मिनिटांत बाळ गप्प. दुसरा, खुर्ची ओढून बसणे आणि बाळ पाजताना पाहणे. पाहायचे काय? बाळाचे पोट आईच्या पोटाला चिकटले आहे का, की बाळ उताणे असून फक्त मान वळवून पितेय? तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले आहे का? हनुवटी स्तनाला टेकली आहे का? खालचा ओठ बाहेर वळला आहे का? स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो की खाली? सुरुवातीचे भराभर चोखणे संपून दोन-चार चोखण्यांमागे एक गिळणे ऐकू येते का? पाजून झाल्यावर स्तनाग्र गोल आहे की चेपून लिपस्टिकसारखे तिरके झाले आहे? शू किती वेळा झाली, वजन किती उतरले? पहिल्या दिवसांत जन्मवजन थोडे घटतेच आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हे आईला आणि सासूबाईंना कोणी सांगितले आहे का? ‘दूध उतरलं का गं?’ हा पहिल्या दिवसापासून दर दोन तासांनी होणारा प्रश्न किती छळतो, हे सांगायला नकोच. दूध भरून यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर चीक हेच बाळाचे पुरेसे जेवण असते.

आता याच प्रसंगात प्रशिक्षण नसलेला हात काय करतो ते बघा. तो बाळाच्या डोक्याला मागून धरतो आणि स्तनावर दाबतो. डोक्यामागे दाब पडला की बाळ उलट मागे रेटते, रडते, पाठीची कमान करते. आई समजते, बाळाला माझे दूध नको आहे. सिस्टर समजते, बाळ हट्टी आहे. दोघींच्या मध्ये एक चुकीची पकड आहे, आणि ती मानेखाली आणि खांद्यांमागे हात ठेवून बहुधा मिनिटभरात सुधारते. हे वाचून येत नाही. गाण्याच्या शिकवणीत गुरूने शिष्याचा सूर ऐकून ‘इथे उतरलास’ म्हणावे लागते, तसे कोणीतरी शेजारी उभे राहून सिस्टरचा हात पाहावा लागतो.

शिक्षणाने खरेच फरक पडतो का? पडतो, आणि याचा भक्कम पुरावा बेलारूसमधून आला. १९९० च्या दशकात तिथल्या ३१ प्रसूती रुग्णालयांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटातल्या रुग्णालयांतल्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या बाह्यरुग्ण केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला पाठबळ देणाऱ्या ‘बाळस्नेही रुग्णालय’ उपक्रमाचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटात नेहमीचा कारभार चालू राहिला. सतरा हजारांवर आई-बाळांच्या जोड्या त्यात होत्या. मायकेल क्रेमर यांच्या चमूने २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपान प्रशिक्षित गटात ४३.३ टक्के, दुसऱ्या गटात ६.४ टक्के. पहिल्या वर्षात जुलाबाचे आजार १३.२ वरून ९.१ टक्क्यांवर. लक्षात घ्या, चिठ्ठ्या टाकून बदलल्या त्या आया नव्हत्या. बदलले ते कर्मचाऱ्यांचे शिक्षण. आपल्याच देशात हरियाणात नीता भंडारी आणि सहकाऱ्यांनी आठ वस्त्यांत असाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. नवीन माणसे नेमली नाहीत. अंगणवाडी सेविका, एएनएम, दाया अशा हाताशी असलेल्यांनाच शिकवले. तीन महिन्यांना निव्वळ स्तनपान शिकवलेल्या वस्त्यांत ७९ टक्के, इतर वस्त्यांत ४८.

पण हे ऐकून लगेच प्रशिक्षण शिबिरांची निविदा काढू नये. ब्राझीलच्या पेर्नाम्बुकू राज्यातला २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यासाठी वाचावा. तिथे प्रसूती रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या ४८ तासांतले निव्वळ स्तनपान २१ वरून ७० टक्क्यांवर गेले. छान. दहाव्या दिवशी, घरी, तेच ३० टक्क्यांवर आले होते. ज्या आयांना घरी जाऊन वारंवार भेटी दिल्या त्यांच्यात सहा महिन्यांच्या कालावधीतले सरासरी प्रमाण ४५ टक्के राहिले. ज्यांना दिल्या नाहीत त्यांच्यात १३. दवाखान्यातले कौशल्य दवाखान्याच्या फाटकापाशी संपते. रुग्णालयातली सिस्टर शिकली आणि गावातली आशा शिकली नाही, तर पहिले शिक्षण दहा दिवसांत धुऊन जाते.

आता कठीण आक्षेपाकडे येऊ. निरंतर शिक्षणाचा अभ्यास करणारे म्हणतात, आणि बरोबर म्हणतात, की प्रशिक्षणाने वागणूक फारशी बदलत नाही. शैक्षणिक सभांविषयी कॉक्रेन संस्थेने २००९ साली ८१ चाचण्यांचा आढावा घेतला. अपेक्षित वैद्यकीय वर्तनातली सुधारणा मध्यकाच्या हिशेबाने सहा टक्के, आणि गुंतागुंतीच्या वर्तनात तर त्याहून संशयास्पद. स्तनपानासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रशिक्षणाचा २०१७ चा एक पद्धतशीर आढावाही दर्जेदार पुराव्याची वानवा असल्याचे सांगतो. मग बेलारूसचे काय? माझ्या मते इथे विरोधाभास नाही. ‘प्रशिक्षण’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत. तासाभराचे स्लाइडवाले भाषण आणि महिनोन्‌महिने चाललेला बदल, ज्यात रुग्णालयाचे नियम बदलतात, वरिष्ठ पाहणी करतात, बाह्यरुग्ण केंद्रही सामील असते, यांची सरासरी काढली तर ती लहानच येणार. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात भाषणासोबत प्रत्यक्ष सराव मिसळला तर परिणाम वाढतो, असेही दिसले. गडचिरोलीतला अनुभव याच बाजूने आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे काम शिकवले, आणि तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी नियंत्रण क्षेत्राच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या यशाचे श्रेय लोक आरोग्यदूतांच्या प्रशिक्षणाला देतात. ते अर्धेच खरे आहे. त्या स्त्रियांना टप्प्याटप्प्याने शिकवले जात होते आणि त्यांच्या कामाची घरोघरी नियमित पडताळणी होत होती. पुढे हेच काम देशभर आशांकडे गेले तेव्हा प्रशिक्षणाची पुस्तिका गावोगाव पोचली. पडताळणी मात्र त्याच घट्टपणाने पोचली नाही.

जागतिक पातळीवरही ही जाण उशिरानेच आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानासाठी सांगितलेल्या १९८९ च्या ‘दहा पायऱ्यां’पैकी दुसरी पायरी म्हणत होती: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. १९९१ मध्ये सुरू झालेल्या बाळस्नेही रुग्णालय उपक्रमाने त्याचे तास ठरवले, आधी १८, मग २०. तास भरले की पायरी चढली. २०१८ च्या सुधारणेत ही पायरी नव्याने लिहिली गेली: कर्मचाऱ्यांकडे पुरेसे ज्ञान, क्षमता आणि कौशल्य असल्याची खात्री करा. २०२० मध्ये १६ क्षमतांची पडताळणी करण्याची साधनेही आली. एकतीस वर्षांनी आपण ‘किती तास बसली’ यावरून ‘काय करता येते’ इथवर आलो, कागदावर तरी. आपल्याकडची व्यवस्था अजून पहिल्याच टप्प्यात आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास मागते. परिचारिकांकडूनही निरंतर शिक्षणाचे तास मागितले जातात. सही, किट-बॅग, जेवण, प्रमाणपत्र. एखाद्या बालरोगतज्ज्ञाने तीसच्या तीस क्रेडिट लसींवरच्या परिषदांतून मिळवले तरी चालते, आणि त्याच्या दवाखान्यात रोज विचारला जाणारा प्रश्न मात्र पाजण्याचा असतो. स्तनपान सल्लागारांची आंतरराष्ट्रीय परीक्षा घेणारे मंडळ, जे १९८५ पासून काम करते, पाच वर्षांत ७५ गुण मागते आणि त्यातले काही नीतिशास्त्राचे असावेत असा आग्रह धरते. ते जास्त कडक आहे, पण तिथेही गुण मुख्यतः ऐकण्याचेच.

नीतिशास्त्राचा उल्लेख झाला तेव्हा पैशाकडे वळायला हवे. शिक्षणाचा खर्च कोण करतो यावर काय शिकवले जाते हे ठरते. पावडरच्या दुधाचा जागतिक बाजार वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरचा आहे, आणि डॉक्टरांच्या परिषदांना पैशाची नेहमीच चणचण असते. ही जोडी जमायला वेळ लागत नाही. भारताने १९९२ साली बाळदूध पर्याय, बाटल्या आणि बाळआहार यांच्यावरचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो दुरुस्त करून स्पष्ट शब्दांत बंदी घातली: उत्पादकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना परिसंवाद, परिषदा, शैक्षणिक अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी पैसा देऊ नये. जगात फार थोड्या देशांनी एवढे स्पष्ट लिहिले आहे. त्यासाठी झटलेल्यांत स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या बीपीएनआय या संस्थेचे नाव येते, आणि ती ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात स्थापन झाली, हे इथे सांगायला हरकत नाही. यावर आक्षेप असा येतो: कंपनीचा पैसा बंद केला तर कार्यक्रमच होणार नाहीत, शेवटी माहिती तर मिळते ना? कंपनीच्या पैशावरच्या व्याख्यानात खोटे फारसे सांगितले जात नाही, हे मला मान्य आहे. तिथे विषय निवडला जातो. बाळाचे पोटदुखीचे रडणे, दुधाची अ‍ॅलर्जी, कमी वजन, मेंदूची वाढ: जिथे जिथे डब्याला जागा आहे ते विषय. पकड तपासायला कोणाचा डबा लागत नाही, म्हणून त्या विषयाला प्रायोजक मिळत नाही. आणि खरे तर खाटेपाशी चालणाऱ्या शिक्षणाला प्रायोजक लागतही नाही. हॉटेलचा हॉल लागला तरच यजमान शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका सिस्टरकडे वॉर्डातल्या तीस-चाळीस खाटा, त्यात रजिस्टर, त्यात ऑनलाइन नोंदी. ती खुर्ची ओढून वीस मिनिटे पाजणे पाहणार केव्हा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याला पूर्ण उत्तर मनुष्यबळ वाढवण्याचेच आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. पहिल्या दिवशी न पाहिलेली पकड तिसऱ्या दिवशी स्तनाग्राच्या भेगा, पाचव्या दिवशी दुधाच्या गाठी आणि दहाव्या दिवशी वजन घटलेले बाळ होऊन परत येते, आणि तेव्हा वीस मिनिटांत भागत नाही. दुसरे, आजच्या प्रशिक्षणालाही वेळ जातोच: जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस, प्रवास, ड्यूटीची अदलाबदल. तोच वेळ वॉर्डात खर्च करता येईल. यात एक आडवी अडचण मात्र आहे, आणि ती शिक्षणाने सुटत नाही. प्रसूतिकक्षात तयार झालेली सिस्टर रोटेशनमध्ये सर्जरीला जाते आणि तिच्या जागी नवी येते. बाळस्नेही उपक्रमात नव्या कर्मचाऱ्याला सहा महिन्यांच्या आत प्रशिक्षण द्यावे असा दंडक होता, तो याचसाठी.

तिसरा आक्षेप स्त्रियांकडून येतो आणि त्याकडे या क्षेत्रातल्या लोकांनी जास्त कान द्यावा. इतके शिकलेले लोक आईभोवती उभे केले की तिच्यावर दडपण वाढते; ज्यांना जमत नाही त्यांना अपराधी वाटते. माझ्या मते दडपण अर्धवट शिकलेल्याकडून येते. ज्याला फक्त ‘अंगावरचेच पाजा’ हे वाक्य येते तो ते वाक्य जोरात म्हणत राहतो. ज्याला पाहता येते त्याला हेही कळते की हे बाळ खरोखर कोरडे पडत आहे, शू कमी झाली आहे, सुस्त झाले आहे, आता थांबून चालणार नाही. आधी आईचे काढलेले दूध, मग जिथे दुग्धपेढी आहे तिथे दात्याचे, आणि तेही नसेल तर पावडर. पण मापात, उकळलेल्या पाण्यात, आणि स्तनपान परत कसे बसवायचे याचा विचार करून. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, ती अशाच, आईचे दूध लगेच न मिळणाऱ्या नाजूक बाळांसाठी. वरचे दूध केव्हा द्यावे हे शिकणे स्तनपानाच्या शिक्षणाबाहेरचे नाही.

आणि आज्ज्या? त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरे पाजली, त्यांना कोणी प्रशिक्षण दिले, असे विचारले जाते. आज्ज्यांकडे खरोखर मोलाचे काही होते: डोळ्यांसमोर दहा जणींना पाजताना पाहिल्याचा अनुभव. एकत्र घर सुटले तसा तो अनुभव सुटला. पण चीक पिळून टाकणे, मध चाटवणे, गुटी उगाळणे, नवजात बाळाची छाती मालिशवालीने दाबून ‘चीक काढणे’ हेही त्याच घरातून येते, म्हणून परंपरेचे सरसकट गोडवे गाता येत नाहीत. शहाणी आशा सासूबाईंशी भांडत नाही. त्यांना शेजारी बसवून बाळाचे गिळणे ऐकवते.

मग करायचे काय? खर्चाचे फार नाही. निरंतर शिक्षणाच्या तासांपैकी काही तास फक्त अशाच कामासाठी राखावेत, जिथे एका जाणकाराच्या देखत पाजणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, मदत केली आणि त्याची नोंद झाली. जाणकार कोण हे जिल्हा रुग्णालयाने ठरवावे. तो डॉक्टरच असावा असे नाही, वीस वर्षे प्रसूतिकक्षात काढलेली सिस्टर बहुधा जास्त चांगली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातल्या स्तनपानावरच्या मराठी चित्रफिती फुकट उपलब्ध आहेत; ज्ञानाचा भाग त्यांनी उरकावा आणि माणसाचा वेळ हात सुधारण्यासाठी ठेवावा. गावपातळीवर तर वेळापत्रकही तयारच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ब्राझीलमध्ये दहाव्या दिवसापर्यंत जे कोसळले, त्याच्या आतच यातल्या पहिल्या दोन भेटी येतात. त्या भेटींना महिन्यातून काही वेळा आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक आशासोबत बसली, दोघींनी मिळून एक पाजणे पाहिले आणि नंतर अंगणात पाच मिनिटे त्यावर बोलल्या, तर ते निरंतर शिक्षणच आहे. गटप्रवर्तकांच्या मानधनाचा आणि प्रवासखर्चाचा झगडा वेगळा आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. पण त्या गटप्रवर्तकाला स्वतःला पाजणे पाहता येते का, आणि हे शेवटचे कोणी आणि कधी तपासले, हा प्रश्न आपल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला या सभागृहातल्या कोणीही उद्या सकाळी विचारू शकतो.